मजकूर-पुनर्रचना, संगणकीय

मजकूर-पुनर्रचना, संगणकीय : संगणकात साठविलेल्या मजकुरातील अक्षरे, शब्द, ओळी किंवा नोंदी यांचा आशय कायम ठेवून त्यांचा क्रम, जागा वा मांडणी ठराविक नियमांनुसार बदलण्याची क्रिया. नावांची यादी आडनावांच्या क्रमाने लावणे, एकाखाली एक लिहिलेले पत्ते स्तंभांत विभागणे, ग्रंथातील शब्दांची सूची तयार करणे, एका आज्ञावलीत लिहिलेला मजकूर दुसऱ्या आज्ञावलीस वाचता येईल अशा रूपात आणणे ही तिची नेहमीची उदाहरणे होत. प्रारंभी हे काम व्यावसायिक आज्ञावलीकारांकडेच असे. १९७९ ते १९९५ या सुमारास वैयक्तिक संगणकावरील मॅक्रो आणि स्प्रेडशीट या दोन साधनांमुळे ते टंकलेखक, लेखनिक, ग्रंथपाल, संपादक अशा सामान्य वापरकर्त्यांच्या हाती आले. संगणकाच्या इतिहासात या घटनेला महत्त्व आहे. कारण आज्ञावलीची भाषा न शिकताही यंत्राला कामाची रीत शिकविता येते, हे तिने दाखवून दिले. त्याचबरोबर यंत्राला मजकुराची केवळ जागा कळते, अर्थ कळत नाही, ही या पद्धतीची मूलभूत मर्यादाही तिच्यामुळे स्पष्ट झाली.

पूर्वपीठिका : मजकूर यंत्राने क्रमवार लावण्याची कल्पना इलेक्ट्रॉनीय संगणकापेक्षा जुनी आहे. हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रित कार्डांची पद्धत वापरात आणली. १९२८ पासून आयबीएम कंपनीचे ८० स्तंभांचे कार्ड रूढ झाले. कार्डे लावणारे यंत्र एका फेरीत एकच स्तंभ पाही. त्यामुळे एखाद्या मजकुराप्रमाणे कार्डे लावावयाची असल्यास सर्वांत उजवीकडील स्तंभापासून आरंभ करून प्रत्येक स्तंभासाठी गठ्ठा पुन्हा यंत्रातून काढावा लागे; अक्षरांच्या बाबतीत तर एका स्तंभासाठी दोन फेऱ्या लागत. कोणती माहिती कोणत्या स्तंभात आहे हे आधीच ठरविलेले असणे, ही या पद्धतीची पूर्वअट होती. पुढील काळातील सर्व साधनांत ही अट या ना त्या रूपात टिकून राहिली.

भाषाविषयक कामासाठी या यंत्रांचा वापर करणाऱ्यांत रोबेर्तो बुसा हे इटालियन जेझुइट धर्मगुरू अग्रगण्य होत. टॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन ग्रंथांतील १ कोटीहून अधिक शब्दांची सूची करण्याचे काम त्यांनी १९४९ मध्ये आयबीएमच्या साहाय्याने हाती घेतले. ही सूची १९७० नंतरच्या दशकात ५६ खंडांत छापली गेली. हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये संदर्भासहित शब्दसूचीची पद्धत मांडली. तीत प्रत्येक शीर्षकातील एकेक महत्त्वाचा शब्द पाळीपाळीने ठराविक स्तंभात आणून अशा सर्व ओळी अकारविल्हे लावल्या जात. एकच शीर्षक अनेक ठिकाणी, दर वेळी फिरविलेल्या रूपात सापडत असल्याने वाचकाला त्यातील कोणत्याही शब्दावरून ते शोधता येई. केमिकल टायटल्स हे रसायनशास्त्रीय शीर्षकांचे नियतकालिक १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभापासून याच पद्धतीने तयार होऊ लागले. नवे काहीही न लिहिता केवळ क्रम बदलून मजकुराची उपयुक्तता किती वाढते, याचे हे ठळक उदाहरण होय.

मॅक्रो : अनेक आज्ञांच्या समुच्चयास एक नाव देऊन ते नाव उच्चारताच सर्व आज्ञा पार पाडण्याची जी सोय, तिला मॅक्रो म्हणतात. प्रथम ही सोय यंत्रभाषेच्या जवळच्या जुळणी-भाषांत आली. वारंवार लागणाऱ्या आज्ञांचा गट एकदाच लिहावा व पुढे त्याचे नाव द्यावे, एवढाच तिचा मूळ उद्देश होता. डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६० मध्ये उच्चस्तरीय भाषांना मॅक्रोची जोड देण्यासंबंधीचा निबंध प्रसिद्ध केला. क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६५ मध्ये सर्वोपयोगी मॅक्रोजनकाचे वर्णन केले. या आज्ञावली म्हणजे वस्तुतः मजकूर-पुनर्रचनेचीच यंत्रे होत. कारण एक अक्षरमाला आत घेऊन नियमानुसार दुसरी अक्षरमाला बाहेर देणे हेच त्यांचे कार्य होते.

संपादनाच्या क्षेत्रात मॅक्रोचा प्रवेश मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत झाला. डॅन मर्फी यांनी १९६२ च्या सुमारास पीडीपी-१ या संगणकासाठी टेको ही संपादन-आज्ञावली लिहिली. कागदी फितीवरील मजकूर दुरुस्त करणे हा तिचा उद्देश होता. टेकोतील प्रत्येक आज्ञा एकदोन अक्षरांची असे व अशा आज्ञांची माळ साठवून पुनःपुन्हा वापरता येई. या माळा दिसावयास अत्यंत दुर्बोध असत. परंतु शोध, तुलना, पुनरावृत्ती आणि स्थलांतर ही चारही कामे त्यांनी होत. टेकोसाठी लिहिलेले अनेक मॅक्रो एकत्र करून रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी १९७६ मध्ये ईमॅक्स हे संपादक तयार केले; त्याचे नावही ‘संपादकाचे मॅक्रो’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले. याच दशकात बेल प्रयोगशाळेतील यूनिक्स प्रणालीवर सेड व ऑक ही मजकुराच्या ओळी वाचून बदलणारी साधने निर्माण झाली.

वैयक्तिक संगणकावरील मॅक्रोचे स्वरूप मात्र निराळे होते. तेथे मॅक्रो म्हणजे प्रामुख्याने कळफलकावर दाबलेल्या कळांची नोंद. वापरकर्त्याने एखादे काम एकदा हाताने करावयाचे, त्या कळा साठवावयाच्या व पुढे एका कळीने तोच क्रम पुन्हा घडवावयाचा, अशी ही रीत होती. आयबीएम पीसीवर (१९८१) प्रोकी, बोरलँड कंपनीची सुपरकी (१९८५) यांसारख्या आज्ञावली स्मृतीत राहून अन्य कोणत्याही आज्ञावलीला अशा साठविलेल्या कळा पुरवीत. वर्डपर्फेक्ट या शब्दसंस्करण-आज्ञावलीत ही सोय अंगभूतच होती. टंकलेखकाच्या बोटांत मुरलेली सवय येथे प्रथमच यंत्रात साठविता आली.

स्प्रेडशीट : हिशेबनिसांच्या वहीतील जोडपानभर पसरलेल्या आडव्या-उभ्या रकान्यांच्या पत्रकाला इंग्रजीत हे नाव होते. डॅन ब्रिक्लिन यांना हार्व्हर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना १९७८ मध्ये त्याची संगणकीय आवृत्ती सुचली. बॉब फ्रँक्स्टन यांच्या सहकार्याने तयार झालेली व्हिझिकॅल्क ही आज्ञावली १९७९ मध्ये ॲपल-२ संगणकासाठी विक्रीस आली. तिच्यात ६३ स्तंभ व २५४ ओळी होत्या. ओळ व स्तंभ जेथे मिळतात त्या घरात संख्या, सूत्र किंवा मजकूर लिहिता येई. मजकुराला मात्र केवळ शीर्षकाचे स्थान होते. त्यावर कोणतीही क्रिया करता येत नसे. शिवाय मूळ ॲपल-२ च्या पडद्यावर ४० अक्षरांच्या २४ ओळी मावत व इंग्रजीतील फक्त मोठी अक्षरे उमटत. तरीही वापरकर्त्यांनी या आज्ञावलीचा उपयोग याद्या, वेळापत्रके व सूची यांसाठी सुरू केला. माहिती घरांत विभागली की तिची हलवाहलव सोपी होते, हे त्यांच्या लक्षात आले होते.

या दृष्टीने निर्णायक पाऊल लोटस १-२-३ या आज्ञावलीने टाकले. मिच केपॉर यांच्या लोटस कंपनीने ती जानेवारी १९८३ मध्ये आयबीएम पीसीसाठी बाजारात आणली. तिचे प्रत्यक्ष लेखन मुख्यतः जोनाथन सॅक्स यांनी केले होते. आरंभीच्या आवृत्तीत २५६ स्तंभ व २,०४८ ओळी, म्हणजे ५,२४,२८८ घरे होती. संपूर्ण पत्रक स्मृतीतच ठेवावे लागत असल्यामुळे आणि पीसीची स्मृती फार तर ६४० किलोबाइट असल्यामुळे ती सर्व घरे भरणे कधीच शक्य नसे. क्रमवारी लावण्याची आज्ञा होती. मात्र एका वेळी दोनच स्तंभांना क्रमदर्शक म्हणून नेमता येई. १९८५ मधील दुसऱ्या आवृत्तीत ओळींची संख्या ८,१९२ झाली. तीत अक्षरमालेचा डावा, उजवा वा मधला भाग वेगळा काढणारी, एखादे चिन्ह कितव्या जागी आहे ते सांगणारी, लांबी मोजणारी व अनावश्यक रिकाम्या जागा गाळणारी फलने आली. ठराविक रुंदीच्या मजकुराच्या ओळी अनेक स्तंभांत फोडण्याची, तसेच ओळींचे स्तंभ व स्तंभांच्या ओळी करण्याची आज्ञाही मिळाली. येथून स्प्रेडशीट हे मजकुराचेही साधन झाले.

या आज्ञावलीतील मॅक्रोची रचना वैशिष्ट्यपूर्ण होती. मॅक्रो वेगळ्या जागी न राहता त्याच पत्रकातील घरांत साध्या मजकुराच्या रूपाने लिहिला जाई. प्रत्येक आज्ञा तिच्या यादीतील आद्याक्षराने दर्शविली जाई व एंटर कळीसाठी टिल्ड हे नागमोडी चिन्ह वापरीत. पहिल्या घराला तिरकी रेघ व एक अक्षर असे नाव दिले की ऑल्ट कळीबरोबर ते अक्षर दाबताच संगणक त्या घरापासून खाली वाचू लागे आणि रिकामे घर लागेपर्यंत थांबत नसे. आज्ञा आणि माहिती यांचे रूप अशा रीतीने एकच झाले. शेजारच्या स्तंभात प्रत्येक ओळीचे स्पष्टीकरण लिहिण्याची प्रथाही त्यामुळे पडली. लेखनिकाने केलेले काम आणि ते कसे केले याचा लेखी दाखला एकाच पत्रकावर राहू लागला.

कार्यपद्धती : महादेव गोविंद रानडे, गोपाळ गणेश आगरकर अशा क्रमाने लिहिलेली नावे आडनाव प्रथम येईल अशी बदलावयाची आहेत, असे समजा. लोटसच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्या स्तंभात मूळ नाव ठेवून दुसऱ्या स्तंभात पहिली रिकामी जागा कितवी हे काढीत; तिसऱ्यात, त्या जागेच्या पुढून शोध सुरू करून दुसरी रिकामी जागा काढीत. तिच्या उजवीकडचा भाग म्हणजे आडनाव व डावीकडचा भाग म्हणजे स्वतःचे व वडिलांचे नाव. हे दोन भाग स्वल्पविराम घालून उलट क्रमाने जोडले की ‘रानडे, महादेव गोविंद’ हे रूप मिळे. एका ओळीतील सूत्रे खालील सर्व ओळींत उतरविली की शेकडो नावांचे काम एकदम होई. त्यानंतर सूत्रांच्या जागी त्यांची उत्तरे कायम करून मगच क्रमवारी लावीत. क्रमवारीपूर्वी एका स्तंभात अनुक्रमांक भरून ठेवणे हा जाणत्या वापरकर्त्यांचा शिरस्ता होता. कारण मूळ क्रम परत मिळविण्याचा तोच खात्रीचा मार्ग होता. आरंभीच्या आवृत्त्यांत केलेली चूक मागे घेण्याची सोय नव्हती.

या रीतीतील बारकावे लहान असले, तरी त्यांवर निकाल अवलंबून असे. लोटसमध्ये अक्षरांची मोजणी शून्यापासून, तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमध्ये (१९८५) ती एकापासून होते. त्यामुळे एकीकडील सूत्र दुसरीकडे जसेच्या तसे नेल्यास शब्दाचा तुकडा एका अक्षराने सरके. मजकूर म्हणून लिहिलेल्या अंकांची क्रमवारी लावल्यास १० हा ९ च्या आधी येई. म्हणून आधी शून्ये जोडून सर्व अंक सारख्या लांबीचे करावे लागत. दोहोंहून अधिक कसोट्या लावावयाच्या असल्यास त्या सर्व जोडून एकच अक्षरमाला बनवीत व तिच्यावरून क्रम लावीत. दोन शब्दांची परस्पर अदलाबदल करताना पहिल्याच्या जागी दुसरा घातला की दोन्ही एकरूप होऊन भेद नष्ट होई. तेव्हा मजकुरात अन्यत्र न येणारे एखादे चिन्ह मध्यंतरी वापरून तीन टप्प्यांत बदल करीत.

मॅक्रोचा खरा उपयोग एकाखाली एक लिहिलेल्या नोंदींच्या बाबतीत होई. नाव, रस्ता, गाव व एक रिकामी ओळ अशा चार ओळींचा एकेक पत्ता असेल, तर मॅक्रो दुसरी ओळ उचलून पहिलीच्या उजवीकडे नेई, तिसरी त्याच्याही उजवीकडे नेई, मोकळ्या झालेल्या ओळी गाळी आणि पुढील नावावर जाऊन हीच क्रिया पुन्हा करी. हाताने दिवसभर चालणारे काम ४·७७ मेगाहर्ट्झ गतीच्या पीसीवरही थोड्या वेळात होई. तथापि एखाद्या पत्त्यात एक ओळ जास्त असली, तर तेथपासून पुढे प्रत्येक नोंद सरकून चुकीच्या स्तंभांत जाई. यंत्र कोठेही अडखळत नसे व पडद्यावरील पत्रक नीटनेटकेच दिसे. असा दोष टाळण्यासाठी मॅक्रो चालविण्यापूर्वी ओळींची संख्या चाराने निःशेष भागली जाते की नाही हे पाहणे, रिकाम्या ओळीची खूण तपासूनच पुढे जाणे व शेवटच्या नोंदी मुळाशी ताडून पाहणे, असे उपाय योजीत.

मजकूर स्प्रेडशीटमध्ये आणण्यापूर्वी त्याची सफाई करणे हेही एक स्वतंत्र काम होते. मायक्रोप्रो कंपनीच्या वर्डस्टार (१९७८) या शब्दसंस्करण-आज्ञावलीत शब्दाचे शेवटचे अक्षर ओळखण्यासाठी त्याच्या संकेतातील आठवा द्विमान अंक वापरला जाई व ओळीच्या शेवटी आपोआप आलेली खूण आणि लेखकाने हेतुतः दिलेली खूण यांत भेद केला जाई. असा मजकूर अन्यत्र उघडला असता प्रत्येक शब्दाचे अखेरचे अक्षर विचित्र दिसे. तो आठवा अंक काढून टाकणाऱ्या लहान आज्ञावली त्या काळी सर्वत्र प्रचलित होत्या. लोटसमध्ये एका घरात फार तर २४० अक्षरे मावत असल्याने सलग परिच्छेदांपेक्षा याद्या व सूची यांनाच ते साधन मानवे.

मर्यादा व दोष : सर्वांत मोठी मर्यादा स्थानावलंबित्वाची होय. मॅक्रो पत्रकातच लिहिलेला असल्यामुळे वरची एखादी ओळ काढून टाकली की त्या ओळीत उजवीकडे दूरवर असलेला मॅक्रोचा भागही नाहीसा होई. म्हणून मॅक्रो माहितीच्या खाली व उजवीकडे, तिरप्या दिशेने, असा लिहावा की दोहोंची ओळ वा स्तंभ समान नसावा, असा संकेत पडला.

दुसरा दोष मजकुराला संख्या समजण्याचा. व्हिझिकॅल्कच्या काळापासून स्प्रेडशीट पहिल्या अक्षरावरून घरातील नोंदीचा प्रकार ठरवीत आले. अंकाने सुरू होणारा पत्ता लिहावयाचा असल्यास लोटसमध्ये त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे लागे. दूरध्वनीच्या क्रमांकातील आरंभीचे शून्य गळून पडणे हा याच दोषाचा परिणाम. पुढे एक्सेलमध्ये तारखेसारखा दिसणारा मजकूर आपोआप तारखेत बदलू लागला. सेप्ट-२, डेक-१ यांसारखी जनुकांची संक्षिप्त नावे अशा रीतीने तारखा बनून संशोधनाच्या याद्या बिघडत असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने दाखवून दिले. अखेर २०२० मध्ये मानवी जनुकांची नावे ठरविणाऱ्या समितीने अशा काही जनुकांची नावेच बदलली. साधनाच्या सोयीसाठी शास्त्राने आपली परिभाषा बदलावी, ही घटना विरळ होय.

जुन्या यंत्रांच्या मर्यादा त्यांच्या मागेही उरतात, याचे गंभीर उदाहरण इंग्लंडमधील आहे. सप्टेंबर–ऑक्टोबर २०२० मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या संस्थेकडे प्रयोगशाळांकडून साध्या मजकुराच्या स्वरूपात येणाऱ्या कोविड-१९ च्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरल्या जात. या प्रकारात ६५,५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. त्यापुढील ओळी गळाल्या व १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर झाली नाही. परिणामी त्यांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध लांबला.

मॅक्रोच्या सामर्थ्याचा दुरुपयोगही झाला. एक्सेलमध्ये १९९३ पासून व्हिज्युअल बेसिक ही भाषा मॅक्रोसाठी आली व पुढे ती वर्डमध्येही आली. तत्पूर्वीच १९९५ मध्ये वर्डच्या मॅक्रोतून पसरणारा कन्सेप्ट हा विषाणू आढळला होता. १९९६ मध्ये एक्सेलमधील लारू व १९९९ मध्ये ई-पत्रांद्वारे पसरणारा मेलिसा हे विषाणू प्रकट झाले. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचे धोरण अमलात आणले. लेखनिकाला मिळालेली सत्ता अशा रीतीने पुन्हा बरीचशी नियंत्रित झाली.

देवनागरी व मराठी मजकूर : भारतात १९८४ च्या संगणक धोरणानंतर पीसीचा प्रसार वाढला. वर्डस्टार, लोटस व डीबेस ही त्रयी संगणक-वर्गांतून शिकविली जाऊ लागली आणि कार्यालयांतील याद्या, वेतनपत्रके व पत्ते यांची मांडणी या साधनांनी होऊ लागली; परंतु ती रोमन लिपीत. देवनागरीसाठी कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झालेल्या संशोधनातून जिस्ट हे तंत्र विकसित झाले व १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुणे येथील सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. पीसीत बसविलेल्या जिस्ट पत्रामुळे मूळची इंग्रजी आज्ञावली न बदलता तीत भारतीय लिप्यांतील मजकूर लिहिता येऊ लागला. यासाठीची इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये प्रमाणित केली. तीत रोमन अक्षरांची जागा कायम ठेवून भारतीय अक्षरांना संकेतसारणीच्या वरच्या अर्ध्या भागात स्थान देण्यात आले. आठवा अंक असणे हेच या भागाचे लक्षण असल्यामुळे वर्डस्टारच्या मजकुरासाठी लिहिलेली सफाईची आज्ञावली मराठी मजकुरावर चालविल्यास तो पूर्णतः नष्ट होणे अपरिहार्य होते.

इस्कीत अक्षरे उच्चारक्रमाने साठविली जातात. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येत असली, तरी तिचा संकेत व्यंजनानंतर असतो. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडनेही हेच तत्त्व स्वीकारले. याउलट छपाईसाठी १९९० नंतरच्या दशकात जे अनेक फाँट प्रचारात आले, त्यांत अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेले असत व ते डोळ्यांना दिसतात त्याच क्रमाने साठविले जात. प्रत्येक निर्मात्याची संकेतसारणी वेगळी असे. अशा मजकुराचा फाँट काढून घेतला की उरते ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ. तीत शब्दशोध व क्रमवारी अशक्य होते. त्या काळात छापलेल्या असंख्य मराठी पुस्तकांच्या व नियतकालिकांच्या संगणकीय प्रती याच रूपात राहिल्या. म्हणून हा मजकूर युनिकोडमध्ये आणणे ही मराठीच्या दृष्टीने महत्त्वाची पुनर्रचना ठरते.

या कामासाठी सामान्यतः दोन साधने एकत्र वापरतात. स्प्रेडशीटच्या एका स्तंभात जुना संकेत व दुसऱ्यात त्याचे युनिकोडमधील रूप अशी सारणी करतात, ती मोठ्या अक्षरसमूहांपासून लहानांकडे अशा क्रमाने लावतात आणि मॅक्रो तिच्यातील एकेक ओळ वाचून मजकुरात बदल करतो. तथापि केवळ अक्षरास अक्षर देऊन भागत नाही. त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात. ‘स्थिती’ हा शब्द फाँटच्या क्रमात ऱ्हस्व वेलांटी, अर्धा स, थ, त, दीर्घ वेलांटी असा असतो. ऱ्हस्व वेलांटी लगतच्या एकाच आकारापुढे नेल्यास ती अर्ध्या स ला लागते व शब्द बिघडतो. ती संपूर्ण जोडाक्षर ओलांडून थ नंतर गेली पाहिजे. रफाराची गती याच्या उलट असते. ‘धर्म’ या शब्दात तो म नंतर साठविलेला असतो व त्याला मागे आणून म च्या आधी र आणि पायमोडीचे चिन्ह या रूपात ठेवावे लागते. ‘आर्थिक’ या शब्दात वेलांटीला पुढे व रफाराला मागे एकाच अक्षराभोवती न्यावे लागते. तेव्हा कोणता बदल आधी करावयाचा यावर उत्तर अवलंबून राहते. जोडाक्षर कोठे संपते हे ज्याला कळते त्यालाच असा मॅक्रो लिहिता येतो. येथे संगणकाच्या ज्ञानाइतकेच व्याकरणाचे व लेखनपद्धतीचे ज्ञान आवश्यक ठरते. मजकुरात मधूनच येणारे इंग्रजी शब्द हीदेखील अडचण असते. फाँटचे नाव जपले नाही, तर तेच संकेत मराठीचे की इंग्रजीचे हे यंत्राला ठरविता येत नाही.

रूपांतरानंतरही क्रमवारीचा प्रश्न उरतो. युनिकोडमध्ये ळ चे स्थान ल च्या लगेच नंतर आहे, तर मराठी वर्णमालेत तो ह नंतर येतो. केवळ संकेतांकांवरून क्रम लावल्यास मराठी कोशाचा क्रम मिळत नाही. अनुस्वार, क्ष व ज्ञ यांच्या बाबतीत तर खुद्द कोशांच्या प्रथाच भिन्न आहेत. यावर जुनाच उपाय चालतो : वेगळ्या स्तंभात प्रत्येक शब्दासाठी इष्ट क्रम दर्शविणारी अक्षरमाला तयार करून तिच्यावरून यादी लावतात.

उत्तरकाल : विंडोज प्रणालीच्या प्रसारानंतर एक्सेल हेच प्रमुख स्प्रेडशीट ठरले. आयबीएमने १९९५ मध्ये लोटस कंपनी विकत घेतली व २०१४ मध्ये १-२-३ चा आधार थांबविला. एक्सेलच्या २००७ व त्यापुढील आवृत्त्या लोटसच्या फाइली उघडत नाहीत. लिबरऑफिस ही मुक्त आज्ञावली मात्र त्या वाचू शकते. जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर हुबेहूब घडविणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या आज्ञावलींमुळे व्हिझिकॅल्क, वर्डस्टार व लोटस आजही चालविता येतात, आणि काही लेखक वर्डस्टारचा नित्य वापर करतात. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे.

जतनाच्या दृष्टीने लोटसच्या रचनेचा एक अनपेक्षित लाभ झाला. तिचे मॅक्रो घरांत लिहिलेला साधा मजकूर असल्यामुळे फाइल उघडता आली की, मॅक्रो चालो वा न चालो, तो वाचता तरी येतो. एखाद्या कार्यालयाने आपली यादी कोणत्या क्रमाने, कोणते अपवाद गृहीत धरून तयार केली, हे त्यावरून समजते. याउलट केवळ कळांच्या रूपाने साठविलेल्या मॅक्रोंचा अर्थ मूळ आज्ञावलीच्या पडद्याशिवाय लागत नाही. म्हणून जुना मजकूर जतन करताना त्याच्याबरोबर त्याचे मॅक्रो, फाँटची नावे, संकेतसारण्या व स्तंभांचे स्पष्टीकरण हेही जतन करणे आवश्यक मानले जाते. [⟶ शब्दसंस्करण, संगणक].